बाळंतिणीची खोली

"आजी, तुमची दोन्ही बाळंतपणे घरीच झाली ना?" हा प्रश्न अलीकडे मला वरचेवर विचारण्यात येतो. विचारणाऱ्या मुली शिकलेल्या, चार पुस्तके वाचलेल्या असतात. त्यांच्या स्वरात कीव नसते. कौतुक असते, आणि क्वचित थोडासा हेवाही असतो. रुग्णालयातील दिव्यांचा झगझगाट, अनोळखी माणसांची ये-जा, घड्याळाकडे पाहून घेतलेले निर्णय आणि पोटावरील टाक्यांची खूण यांचा अनुभव घेऊन आलेल्या या मुलींना घरातील बाळंतपण म्हणजे आपल्या हातून निसटलेली एखादी ठेव वाटते. मी "हो, घरीच," एवढेच म्हणते आणि त्यांच्या बाळाची चौकशी करू लागते. उत्तर खोटे नसते, परंतु ते पुरतेही नसते. दोहोंपैकी दुसऱ्या बाळंतपणाची हकीकत मी माझ्या मुलीस पुष्कळदा सांगितली आहे, कारण ती तिच्याच जन्माची हकीकत. पहिल्याविषयी ती एवढेच जाणते की, तिच्या आधी एक मुलगा होऊन गेला. बाकीचे तिला हा अंक हाती पडेल तेव्हा कळेल.

पहिलटकरणीने माहेरी यावे या रीतीप्रमाणे १९६३ साली सातव्या महिन्यात मी आईकडे आले. मला तेव्हा एकोणीसावे वर्ष होते. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. तालुक्याचे ठिकाण दहा मैलांवर आणि वाटेत तर ओलांडावी लागे. आषाढापासून ती तर बहुधा बंदच असे. त्यामुळे घर की रुग्णालय, असा प्रश्न आमच्यापुढे कधी उभाच राहिला नाही. आजच्या मुली ज्याला निवड म्हणतात ती आम्हांस नव्हती. पाऊस पडत होता, खाडीला पाणी होते, आणि दिवस भरत आले होते.

घर प्रशस्त होते. पुढे ओटी, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, आणि पूर्वेच्या अंगास वडिलांची खोली. वडील शाळामास्तर, त्या खोलीत त्यांची पुस्तके असत, आणि सकाळचे ऊन थेट जमिनीवर येई. बाळंतिणीसाठी मात्र यांपैकी एकही खोली नव्हती. मागील पडवीच्या टोकास, गोठ्याच्या भिंतीला लागून, एक काळोखी खोली होती. एरवी तीत पेंढा, नारळाची सोडणे, पावसाळ्यातील इरली, असला संसार पडलेला असे. ती झाडून, सारवून तीत माझी बाज टाकण्यात आली. खोलीला एकच लहानसा झरोका. तोही वारा लागेल म्हणून गोणपाटाने बंद केलेला. माझ्याखाली अंथरावयास आजीच्या वेळची विरलेली गोधडी, बाळासाठी जुनेरांचे तुकडे, उशाशी काचेला तडा गेलेला कंदील.

आईचे माझ्यावर प्रेम नव्हते असे कोणी समजू नये. डिंक, खारका, हळीव, बाळंतशोपा यांची तयारी तिने दोन महिने आधीपासून चालविली होती आणि माझ्यासाठी रात्री उठून देवापुढे बसणे तिने कधी चुकविले नाही. तिचा हिशेब निराळा होता. बाळंतपण म्हणजे विटाळ. त्या खोलीत जे जाईल ते एक तर टाकून द्यावे लागणार, नाही तर शुद्ध करून घ्यावे लागणार. तेव्हा टाकण्यासारखे जे असेल तेच तेथे जावे, हे ओघानेच आले. घरातील सर्वांत अंधारी जागा, सर्वांत जुने कापड, सर्वांत फुटका दिवा: घरात एक नवा जीव यावयाचा त्या स्वागताची ही सामग्री होती. त्या काळी यात कोणालाच वावगे दिसले नाही. मलाही दिसले नाही.

आमची सुईण साठीच्या घरातली होती. आई तिला नावाने हाक मारी. आम्ही मुले तिला सुईणआजी म्हणत असू. गावातील दोन पिढ्या तिच्या हातांवर जन्मलेल्या. ती ज्या वाडीत राही त्या वाडीतील माणसांस आमच्या घरात ओटीच्या पायरीपलीकडे प्रवेश नव्हता. ती मागल्या दारी येई, गोठ्याला वळसा घालून खोलीत शिरे, आणि शिरताच तेथील राज्य तिचे होई. मग आईने कोठे बसावे, आत्याने काय आणावे, मी केव्हा चालावे आणि केव्हा पडावे, हे सारे तिच्या शब्दावर. तिला अक्षरओळख नव्हती. पण पोटावर तळवा ठेवून मुलाचे डोके कोठे आहे, पाठ कोणत्या बाजूस आहे, हे ती डोळे मिटून सांगे.

कळा सुरू झाल्या त्या संध्याकाळी, आणि रात्र सारी सरली. या रात्रीविषयी मात्र त्या मुलींचा हेवा मला रास्त वाटतो. एक क्षणभरही मी एकटी नव्हते. तुळईला बांधलेला दोर धरून मी उभी राही तेव्हा आई मागून गुडघ्यांचा टेकू देई. मधूनच सुईणआजी गरम पेजेचे दोन घोट पाजी आणि म्हणे, "दम खा, बाय. घाई कोणाक हाय?" घाई खरोखरच कोणाला नव्हती. मला कोणी उताणे निजवून ठेवले नाही, कोणी ओरडले नाही, माझ्या ओरडण्याला कोणी हसले नाही. कळांच्या वेळी सोबतीस कोणी विश्वासाचे माणूस असावे, स्त्रीस हिंडूफिरू द्यावे, तिला सोयीचे वाटेल तसे बसू द्यावे, या गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली आपल्या शिफारशींत लिहून काढल्या. त्या वाचताना मला पेजेची वाटी आठवली.

उजाडता उजाडता मुलगा झाला. तो लगेच रडला. वार पडली. सुईणआजीने नाळ दोऱ्याने बांधली आणि म्हणाली, "वैनी, ईळी द्या."

आई उठली आणि दारातच थबकली. विळी स्वयंपाकघरातली, सोवळ्यातली. ती या खोलीत आली म्हणजे पुन्हा स्वयंपाकघरात जावयाची नाही. आईने आत्याकडे पाहिले. आत्या मागल्या मागे गोठ्यात गेली आणि कुडात खोचलेली कोयती घेऊन आली. सुईणआजीने ती पदराने पुसली, नाळेखाली एक तांब्याचा पैसा धरला आणि नाळ कापली. नाळेच्या टोकावर राख दाबली. त्या वेळी खोलीत आम्ही चौघी होतो, आणि बाळ सुखरूप असावे याखेरीज चौघींच्याही मनात दुसरे काही नव्हते.

पाचवी झाली. सहाव्या रात्री सटवी येऊन मुलाचे कपाळ लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद, दौत आणि लेखणी ठेवण्यात आली. ती दौत वडिलांची होती. सातव्या दिवशी सकाळी बाळ अंगावर पिईना. मी पुन्हा पुन्हा जवळ घेई, ते ओठ हलवू पाही आणि त्याचा जबडा घट्ट मिटे. दुपारी त्याचे अंग ताठू लागले. भांडे वाजले, दार करकरले, एवढ्यानेही ते कमानीसारखे वाकडे होई. त्याचा आवाज गेला होता; पण चेहऱ्यावर जे दिसे ते हसण्यासारखे दिसे, आणि ते मी आजतागायत विसरू शकलेले नाही. वडील छत्री घेऊन तरीवर गेले आणि संध्याकाळी तसेच परत आले. आठव्या दिवशी पहाटे सारे संपले. बारशाला चार दिवस अवकाश होता, म्हणून त्याला नाव नाही.

"सटवीने लिहिले ते कोणाला पुसता येते?" आई म्हणाली. मला दुसरे काही सुचत नव्हते, म्हणून मीही तेच धरून ठेवले. दुःखात माणसाला कारण लागते. खरेच असावे असे नाही.

खरे कारण मला दोन वर्षांनी मिळाले, आणि तेही शोधीत असता नव्हे. यजमानांच्या बदलीच्या गावी मी अध्यापनाच्या परीक्षेस बसण्याची तयारी करीत होते. त्या अभ्यासात आरोग्यशास्त्राचे एक पुस्तक होते. त्यात धनुर्वातावर दीड पान होते. या रोगाचे जंतू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात असतात. प्रतिकूल स्थितीत ते कठीण कवच धारण करून वर्षानुवर्षे टिकतात. १८८९ मध्ये किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिन येथे ते प्रथम वेगळे काढून दाखविले. नवजात अर्भकास नाळेच्या जखमेतून त्यांची बाधा होते. आठवड्याच्या सुमारास मूल दूध ओढीनासे होते, जबडा मिटतो. पुढचे मी वाचले नाही. पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात गेले आणि तेथे टांगलेल्या विळीकडे कितीतरी वेळ पाहत उभी राहिले. रोज घासली जाणारी, चिंचेने उजळलेली, नारळ खोवण्यापलीकडे कशालाही न लागलेली विळी. तिच्याने बाळ वाचले असते असे मी शपथेवर सांगणार नाही; न उकळलेल्या कोणत्याच पात्याचा भरवसा देता येत नाही. परंतु सोवळ्याने ती विळी राखली आणि शेणामातीतली कोयती आत बोलाविली, ही गोष्ट काही केल्या माझ्या मनातून जाईना.

सोवळे आणि स्वच्छता ही एकच, असे आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. किंबहुना आमच्या घराइतके स्वच्छ घर गावात नाही असा आईला अभिमान होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. परंतु सोवळ्याची दृष्टी आपल्याला दुसऱ्याचे काय लागेल इकडे असते. दुसऱ्याला आपले काय लागेल याचा विचार तिच्यात येत नाही. बाळंतिणीचा विटाळ घराला लागू नये म्हणून आम्ही इतके जपलो की, घराचा मळ बाळंतिणीला लागेल हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

हा आपल्या पूर्वजांचा धर्म, असे म्हणावे तर तसेही नाही. चरकसंहितेत सूतिकागाराचे वर्णन आहे. नववा महिना लागण्यापूर्वीच ते तयार असावे, जागा उत्तम असावी, तेथे हाडे, खडे, खापऱ्या नसाव्यात, दार पूर्वेकडे वा उत्तरेकडे असावे असे तेथे सांगितले आहे. नाळ कापण्यासाठी सोन्याचे, रुप्याचे अथवा लोखंडाचे तीक्ष्ण शस्त्र हवे असेही त्यात आहे. म्हणजे घरातील पुस्तकांची ती पूर्वेची खोली चरकाला चालली असती. गोठ्याकडची चालली नसती. या प्राचीन प्रसूतिशास्त्रावरच आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात आपला प्रबंध लिहिला आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. हा विषय त्यांनी का निवडला असावा याविषयी मी तर्क करीत नाही. पण त्यांचे छायाचित्र पाहिले की, ते दहा दिवस आधी डोळ्यांपुढे येतात.

आणि रुग्णालय म्हटले की सारे शुद्ध, असेही इतिहास सांगत नाही. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात १८४७ पूर्वी एका विभागात सुइणी काम करीत आणि दुसऱ्यात वैद्यकाचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक असत, कारण ते शवविच्छेदन करून तेच हात घेऊन येत. सेमेलवाइसने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले तेव्हा मरणाचे प्रमाण झपाट्याने उतरले, आणि तरीही मोठमोठ्या विद्वान वैद्यांना त्याचा राग आला. आपले हात अस्वच्छ असू शकतील हे त्यांना पटेना. त्यांच्या आणि आमच्या आईच्या मनाची घडण मला फारशी निराळी दिसत नाही.

१९६६ मध्ये मी पुन्हा माहेरी आले. या खेपेस दिवस हिवाळ्याचे होते, तर चालू होती, आणि मी हट्ट धरला असता तर तालुक्यास जाता आले असते. यजमानांचा तोच आग्रह होता. मी घरीच राहिले. याचे कारण धैर्य नव्हे. त्याच घरात, त्याच माणसांच्या देखत, हे एकदा नीट होऊन जावे असे काहीसे मनाने घेतले होते. आज माझ्या नातीने असा हट्ट केला तर मी तिला रागावेन. रक्तस्राव झाला असता तर तो थांबविण्याचे औषध आमच्याकडे नव्हते, डॉक्टर नव्हता, आणि दहा मैल बैलगाडीने जाण्याइतका अवधीही मिळाला नसता. तसे झाले नाही, हे माझे नशीब. त्यात माझे शहाणपण काही नाही.

गेल्या दिवशीच मी आईला म्हटले, "आई, मला पूर्वेची खोली हवी."

आई काहीच बोलली नाही. वडील ओटीवर वाचीत होते. ते उठले आणि एकेक पुस्तक काढून माजघरात आणून ठेवू लागले. सगळी पुस्तके काढून होईपर्यंत आई दारात उभी होती. मग तिने केरसुणी घेतली.

सुईणआजीही बदलली होती. मधल्या काळात तिला सरकारी आरोग्यकेंद्रात शिकावयास बोलाविले होते. तेथून ती एक पत्र्याची पेटी घेऊन आली होती. पेटीत साबण, नखे घासण्याचा ब्रश, दोरा आणि पाते. तीन पिढ्यांचा अनुभव असलेल्या त्या बाईला कोणा विशीतल्या परिचारिकेने हात धुवावयास शिकविले, आणि ती शिकली. व्हिएन्नाच्या प्राध्यापकांहून मला तिची थोरवी अधिक वाटते. ऐन वेळी तिने उकळते पाणी मागितले तेव्हा आई स्वयंपाकघरातले पितळेचे पातेले घेऊन आली, चुलीवरचे, सोवळ्यातले. आणि कोणाकडे न पाहता खाली ठेवून गेली.

मुलगी झाली. सुईणआजीने पातेल्यातून पाते काढले. लगेच कापले नाही. ते माझ्या डोळ्यांसमोर धरून ती म्हणाली, "बघ, बाय. तू सोता बघ." मी पाहिले. पात्यावरून पाणी निथळत होते. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. मग तिने नाळ कापली आणि म्हणाली, "आता वर कायपन लावायचा नाय. राख नाय नि कायपन नाय." तिच्या तोंडून पहिल्या बाळाविषयी मी जे काही ऐकले ते एवढेच. तिला सारे ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हेही तिने ओळखले होते.

बाराव्या दिवशी आईने तिला लुगडे, नारळ आणि तांदूळ दिले. पूर्वी हे सारे वरून तिच्या पदरात टाकण्यात येई. त्या दिवशी आईने लुगडे तिच्या हातात दिले. ती गेल्यावर खोलीत गोमूत्र शिंपडले काय, असे कोणी विचारील. शिंपडले. मी पाहत होते, आणि काही बोलले नाही.

यानंतर आपल्याकडील चित्र पुष्कळच पालटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ साली देशात शंभरांतील सुमारे ३९ बाळंतपणे आरोग्यसंस्थांत होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८९ वर गेला. गडचिरोलीकडील खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरी जन्मलेल्या अर्भकांची निगा राखून दाखविली, आणि बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. मातांना टोचावयाच्या लशीमुळे आणि स्वच्छ पात्यामुळे नवजात अर्भकांचा धनुर्वात भारतात नगण्य झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. ती बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर होती. मी ती कापून ठेवली आहे.

माझी नात लग्नानंतर हॉलंडमध्ये युट्रेख्ट येथे राहावयास गेली. २०१९ मध्ये तिने कळविले की, बाळंतपण घरीच करावयाचे ठरते आहे. माझ्या पोटात गोळा आला. मुलीबरोबर मीही गेले. त्या देशात ही जुनी चाल अजून टिकून आहे. मात्र तेथील सुईण चार वर्षे शिकून पदवी घेतलेली असते, धोका दिसणाऱ्या स्त्रीस ती घरी ठेवीतच नाही, आणि पहिलटकरणींपैकी पुष्कळ जणींना ऐन वेळीही रुग्णालयात हलवितात. घरातली सर्वांत उजेडाची खोली काढलेली होती. पलंग ठोकळ्यांवर ठेवून उंच केला होता, कारण कमरेत वाकून काम करणाऱ्या बाईची पाठ दुखू नये. हे ऐकून मला सुईणआजीची पाठ आठवली. तिच्यासाठी कोणी ठोकळे ठेवले नव्हते. बाळ झाल्यावर भेटीस येणाऱ्यांना साखरेत घोळविलेली बडीशेपेसारखी बी बिस्किटावर घालून देतात. बाळंतिणीला दूध यावे म्हणून ती चांगली, असा तेथील जुन्या बायकांचाही समज. आमच्या बाळंतशोपा इतक्या दूर कशा पोहोचल्या याचे मला हसू आले.

नातीचे सारे सुरळीत पार पडले. सुईण कात्री घेऊन नातजावयाकडे वळली. तेथे नाळ बापाने कापावयाची पद्धत आहे. मी खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. माझ्या तोंडून एकदम निघून गेले, "कात्री उकळली आहे का?"

"आई, इथे काय विचारतेस हे!" माझी मुलगी हसून म्हणाली. नातीने मात्र पडल्या पडल्या माझा प्रश्न सुईणीला त्यांच्या भाषेत सांगितला. ती बाई हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि कात्री ज्यातून काढली ते बंद केलेले, नुकतेच फाडलेले पाकीट तिने माझ्या हातात दिले. मी चष्मा लावला, ते दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि मान हलविली.